नव्या व्हायोलिनच्या तारा

नमस्कार, श्रोतेहो. घरात नवं व्हायोलिन येतं, मूल हौसेनं गज ओढतं, आणि आवाजच येत नाही. घाबरू नका. व्हायोलिन बिघडलेलं नसतं, गजाच्या केसांना राळ लागलेली नसते. राळेची नवी वडी गुळगुळीत असते. बारीक पॉलिशपेपरनं ती जरा खरवडा आणि गज तिच्यावर सावकाश बराच वेळ ओढा. केसांना बोट मात्र लावू नका.

आज मला बोलायचंय ते तारांविषयी. तारा बदलताना एका वेळी एकच तार काढायची. पुन्हा सांगते, एका वेळी एकच.

माझी भाची नऊ वर्षांची होती. तिच्या नव्या व्हायोलिनच्या तारा कर्कश वाजत, म्हणून मी चांगल्या तारा आणल्या. आयतीच संधी आहे, लाकूडही पुसून घेऊ, असं म्हणून मी चारही तारा एकदम सोडल्या. घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी, आडवी झाली. ती चिकटवलेली नसतेच, तारांच्या दाबानंच उभी असते, हे मला माहीत होतं. पण व्हायोलिन उचललं आणि पोटात काहीतरी खुळखुळलं. भाची रडवेली झाली. "मावशी, आत काय तुटलं गं?"

रात्रभर मला झोप नाही. सकाळी कारागिराकडे गेलो. त्यांनी व्हायोलिनच्या वरच्या फळीतल्या फटीतून आत पाहिलं आणि म्हणाले, "तुटलं काही नाही, पडलंय." आत पेन्सिलीएवढ्या जाडीची एक लाकडी दांडी असते, घोडीच्या उजव्या पायाच्या जरा मागे. तीही चिकटवलेली नसते, वरच्या आणि खालच्या फळीत नुसती अडकून उभी असते. घोडीची थरथर ती खालच्या फळीपर्यंत नेते. इटालियन आणि फ्रेंच भाषांत या दांडीला चक्क 'आत्मा' म्हणतात. एस आकाराच्या सळईनं त्यांनी ती फटीतून आत नेली, उभी केली, आरसा धरून तपासली, केसभर सरकवली. तार छेडली तेव्हा भाचीचा चेहरा बघण्यासारखा होता. दांडी पडली तर घरी खटाटोप करू नका, कारागिराकडेच जा.

आणि व्हायोलिन कपड्यांसारखं वाढत्या अंगाचं घेऊ नका हो! मोठ्या व्हायोलिननं लहान हात अवघडतो आणि मूल वाजवणंच सोडतं. याचा मला फार राग येतो.

तर, एका वेळी एकच तार. खुंटी पिळताना आत दाबत पिळा, नाहीतर ती सुटते. तारांचे स्वर जाड तारेपासून असे: जी, डी, ए, ई. त्यातली ए ४४० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांच्या स्वराला, लावा. तारा चढवताना घोडी पुढे कलते, ती दोन्ही हातांनी हळूच सरळ करा. नव्या तारा काही दिवस ताणत राहतात, पुन्हा पुन्हा उतरतात. त्यात मुलाची चूक नसते, त्याला रागावू नका.

वाजवून झालं की गज सैल करा आणि तारांखाली सांडलेली राळेची भुकटी कोरड्या फडक्यानं पुसा. नमस्कार.