काचेचं दार आणि आईची वाकळ

मंडळी, 'घरासाठी काचेची दारं कशी निवडावीत' हा विषय परभणीत, तोही मे महिन्यात ठेवला, त्या संयोजकांच्या छातीला आधी नमस्कार. (हशा)

हसू नका, मी स्वतः भाजलेला माणूस आहे. चार वर्षांखाली घर बांधलं. मेहुण्यांनी पुण्याच्या एका फ्लॅटात काचेचं सरकतं दार पाहिलेलं, मग आमच्या हॉललाही आठ फुटी दार बसलं. अंगण पश्चिमेला. दुकानदार म्हणे, "सर, व्ह्यू येतो." व्ह्यू म्हणजे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आणि एक लिंबाचं झाड. पुण्याचे पाहुणे बसलेत म्हणून सांगतो, आमचा लिंब म्हणजे कडुलिंब, सरबताचा नव्हे.

पहिल्याच उन्हाळ्यात पारा ४३ वर गेला. दुपारी चारनंतर हॉलच्या फरशीवर अनवाणी पाय टेकवेना. आतून जाड पडदे लावले. काच तापली, पडदा तापला आणि दोघांनी मिळून हॉल तापवला. कूलर बिचारा गरम वाराच फिरवत बसला. एक दिवस आईनं कुणाला न विचारता पेटीतल्या दोन वाकळी काढल्या, दाराच्या बाहेरून दोरीवर टांगल्या, वर पाणी मारलं आणि मला म्हणाली, "कामून रे, एवढा पैसा घालून उन्हाला आवतन दिलंस?" त्या संध्याकाळी फरशी गार. पण गल्लीत नवीनच पंचाईत: जो तो विचारी, घरात बाळंतीण आहे का! (हशा)

मला आधी राग आला, मग शास्त्र कळलं. ऊन काचेतून सहज आत येतं आणि फरशी तापवतं. तापलेल्या फरशीची उष्णता मात्र वेगळ्या जातीची, तिला काच तशी बाहेर सोडत नाही. म्हणजे आतल्या पडद्यानं अडवलेलं ऊन घरात शिरून बसलेलंच असतं. ते अडवायचं तर काचेच्या अलीकडे नव्हे, पलीकडे. आपल्या माळवदाच्या घरांत ओसरी हेच तर करायची. ऊन ओसरीवर थांबायचं, पाहुण्यासारखं. आतल्या खोलीपर्यंत त्याची मजल जात नसे.

ओसरीवरून आठवलं, आमच्या आजोळच्या वाड्याला... बरं, चिठ्ठी आली. पाचच मिनिटं उरलीत आणि मूळ विषय तर अजून दारातच उभा आहे.

भरभर सांगतो. आधी दिशा, मग दार. उत्तर सगळ्यात सोयीची. दक्षिणेचं ऊन दुपारी उंचावरून येतं, अडीच फुटी छज्जा बरंच अडवतो. पश्चिमेचं ऊन तिरपं येऊन छज्जाखालून घुसतं. तिथं दार हवंच असेल तर बाहेर मांडव, बांबूची चिक किंवा वेल आधी, काच नंतर.

सरकतं दार जागा खात नाही, पण एका वेळी अर्धंच उघडतं आणि आपली धूळ त्याच्या खाचेत जाऊन बसते. फ्रेंच दार दोन पाखांचं, पूर्ण उघडतं. फ्रान्सात त्याला 'पोर्त-फनेत्र' म्हणजे 'दार-खिडकी' म्हणतात. आपल्या रात्रीच्या वाऱ्याला तेच बरं. मात्र पाखं फिरायला जागा सोडा, नाहीतर रोज सोफा हलवावा लागेल.

काच टफनच घ्या. फुटली तर बोथट तुकडे होतात. ती नंतर कापता येत नाही, म्हणून चौकट बसल्यावरच माप द्या. चोरीची धास्ती असेल तर लॅमिनेटेड. फुटली तरी दोन काचांमधल्या प्लास्टिकच्या पातळ थराला चिकटून राहते. दुहेरी काच उष्णता कमी वाहते, पण थेट ऊन अडवायला तिच्यावर सोलर कंट्रोल किंवा लो-ई, म्हणजे उष्णता परतवणारा, लेप लागतो. लेप नसेल तर दुहेरी पैशात एकेरीच समाधान. खालच्या चौकटीला पावसाचं पाणी निघायला भोकं आहेत ना, तेवढं स्वतः वाकून बघा. आणि रुंद दारावर लिंटेल, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळई, इंजिनिअरला विचारूनच. १९९३ चं किल्लारी पाहिलेल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

चहा आलाय म्हणतात. तिकडं कोपऱ्यातल्या ताईंचा हात मघापासून वर आहे. ताई, दार पश्चिमेला असेल तर आधी चहा घ्या.