पुडीची की पानांची?

खिडकीच्या उजेडात धरलेल्या या एकाच बटेत चार रंग आहेत. टाळूलगत दोन बोटे रुंदीचा नारिंगी पट्टा, त्याखाली कुठे पिवळे तर कुठे विटकरी डाग, खांद्यापासून खाली शाईसारखा काळा आणि अगदी टोकांशी त्या काळ्यातून डोकावणारा गर्द लाल. केस आहेत गोव्यातल्या म्हार्दोळच्या २६ वर्षांच्या एका मुलीचे, जी रोज कदंबच्या सरकारी बसने पणजीला कामाला जाते. भावाचे लग्न पंधरा दिवसांवर आले असताना तिने घरच्या घरी केस रंगवले. ते तिने कसे रंगवले याचे चित्रण अर्थातच कोणाकडे नाही. हा माहितीपट करताना आमच्यापुढे आहेत ती तिने पिशवीत घालून आणलेली दोन रिकामी खोकी, एक अर्धवट फाडलेली पुडी आणि हे केस.

फोंड्याच्या बाजारातील जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दोन खुर्च्या आणि एक बेसिन मावेल एवढ्या जागेत हे पार्लर गेली २२ वर्षे चालू आहे. ते चालवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हांला बजावले की नाव सांगू नका, काम दाखवा. म्हणून या निवेदनात त्या फक्त ताई आहेत. आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि मुंबईतील तीन वर्षांची उमेदवारी एवढी त्यांची शिदोरी. गावात मात्र अजूनही त्यांना ‘पार्लरवाली’ म्हणतात, आणि तो शब्द ज्या सुरात उच्चारला जातो तो सूर या दृश्यांशी जुळत नाही, एवढेच येथे नोंदवतो.

(येथे निवेदन थांबावे. ताई बोटांनी केसांचे चार भाग पाडतात, ते पूर्ण दिसू द्यावे.)

ट्यूबलाइटखाली केसाचा रंग फसवा दिसतो, म्हणून ताईंनी खुर्ची ओढून खिडकीशी आणली आहे. केस कोरडे आहेत, तेल लावलेले नाही, आणि अजून एकाही बाटलीचे झाकण उघडलेले नाही. पुढची चाळीस मिनिटे त्या फक्त विचारत राहिल्या. शेवटचे काय लावलेस, त्याआधी काय, त्याच्याही आधी काय, किती वेळ ठेवलेस, कशाने धुतलेस, डोके नळाच्या पाण्याने धुतेस की विहिरीच्या, आणि विहिरीच्या असेल तर बादलीच्या तळाला तांबूस थर बसतो का. मुलगी म्हणाली की खोक्यातल्या रंगाआधी आपण कधी काही लावलेले नाही, फक्त मेहंदी. ताईंनी कंगवा खाली ठेवला आणि विचारले, “पुडीची की पानांची?”

हा प्रश्न सगळ्या कामाचा पाया आहे. मेहंदीच्या पानांतील रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात. ते केसातील केराटिन या प्रथिनाला चिकटून बसते आणि केसाला तांबूस, नारिंगी झाक देते. नुसत्या मेहंदीच्या पानाने केस काळा होणे शक्य नाही. पानांच्याच वाटेने काळा रंग हवा असेल तर मेहंदीवर निळीच्या पानांचा लेप द्यावा लागतो. दुकानात ‘काळी मेहंदी’ म्हणून जी पुडी दहा-वीस रुपयांना मिळते, तिच्यातला काळेपणा मात्र बहुधा पॅराफेनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी, या रसायनाचा असतो. पुडीवर पान छापलेले असते आणि रसायनाचे नाव मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असते. पीपीडी असलेल्या रंगावर इशारा छापणे आणि आधी त्वचेवर चाचणी घेण्यास सांगणे भारतीय नियमांनी बंधनकारक आहे. पडद्यावर दिसणारा मजकूर तोच आहे. तो वाचता यावा म्हणून आम्हांला कॅमेऱ्याची वेगळी लेन्स लावावी लागली.

मुलीने पुडी दाखवली. तीन वर्षे, साधारण दर दीड महिन्याने एक. ताईंनी नारिंगी पट्ट्यावर दोन बोटे टेकवली आणि म्हणाल्या, “चवथीला शेवटची लावली होतीस, बाय.” मुलगी चपापली, कारण ते खरे होते. त्यात जादू काहीच नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आज मार्गशीर्ष लागला आहे, म्हणजे चवथीपासून, गणेशचतुर्थीपासून, तीन महिने झाले, आणि तेवढ्या काळात उगवलेला कोरा केस दोन बोटांत मावतो. कमरेपर्यंतच्या केसांत पाच-सहा वर्षांचा हिशेब असतो, आणि तो वाचता आल्याशिवाय त्यावर नवे काही लिहू नये, असे ताईंचे म्हणणे आहे.

आता खोक्यातला रंग. पॅरिसचा रसायनज्ञ युजीन श्यूएलर याने १९०७ मध्ये केसांचा रंग तयार करून केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली, आणि आजचे बहुतेक पक्के रंग त्याच वाटेने चालतात. अमोनियाने केसाच्या बाहेरचे खवले फुलतात आणि वाट मोकळी होते. हायड्रोजन पेरॉक्साइड आत जाऊन दोन कामे एकाच वेळी करते: मेलॅनिन हे केसाचे मूळचे रंगद्रव्य फिके करते आणि रंगाचे बारीक, बिनरंगी कण एकमेकांना जोडून मोठे, रंगीत करते. मोठे झालेले कण आत अडकून पडतात आणि रंग पक्का होतो. काळा केस फिका होताना मात्र थेट सोनेरी होत नाही. तो आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. त्यातच टाळूची ऊब असते, आणि त्या उबेने मुळांशी हे सगळे लवकर घडते.

म्हणून एकाच खोक्यातला हलका तपकिरी रंग टाळूपासून टोकापर्यंत एकाच वेळी फासला, तेव्हा चवथीनंतर उगवलेला कोरा केस नारिंगी झाला आणि खालच्या पुडीच्या काळ्याला धक्काही लागला नाही. रंगाने रंग उतरत नाही, हे या धंद्यातले पहिले वाक्य आहे. खालचे काळेच राहिलेले पाहून मुलीने ब्लीच पावडर आणि १२ टक्क्यांचे पेरॉक्साइड मागवले, आरशात दिसेल तेवढ्या भागावर लावले आणि केस गरम लागू लागताच घाबरून धुऊन टाकले. पिवळे-विटकरी डाग हे त्या वीस मिनिटांचे आहेत.

‘गरम लागले’ हे शब्द ऐकून ताई उठल्या. मानेच्या मागून त्यांनी एक बारीक बट कापली, काचेच्या वाटीत ६ टक्क्यांचे पेरॉक्साइड तीस मिलिलिटर घेतले, त्यात अमोनियाचे वीस थेंब सोडले आणि बट बुडवून घड्याळ लावले. पुडीत किंवा विहिरीच्या पाण्यात धातूचे क्षार असतील आणि ते केसात बसले असतील, तर पेरॉक्साइडशी गाठ पडताच ते तापतात, फसफसतात, आणि डोक्यावर हे घडले तर केस तुटून हातात येतो.

(अर्धा तास चाललेली ही परीक्षा वीस सेकंदांत आणली आहे. वाटीवरून कॅमेरा हलवू नये.)

वाटी थंडच राहिली. पावडर आणि १२ टक्क्यांचे पेरॉक्साइड एकत्र आले की थोडीफार उष्णता निघतेच, त्यात धातूचा हात नव्हता. मग ताईंनी एक ओला केस दोन चिमटींत धरून हळूच ताणला. निरोगी केस ओला असताना रबरासारखा ताणला जातो आणि परत येतो. काळ्या भागातला केस परत आला, पिवळ्या डागातला ताणला गेला आणि तसाच लोंबत राहिला. शेवटी कानामागे रंगाचा एक ठिपका लावून त्यांनी मुलीला दोन दिवसांनी यायला सांगितले. पीपीडीची ॲलर्जी पूर्वी कधी झाली नाही म्हणून आज होणार नाही, असा नियम नाही, आणि ती दिसायला ४८ तास लागू शकतात. त्या दिवसाचे ताईंनी काही घेतले नाही. या दोन तासांचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक तोंडाकडे बघत राहते, आणि तेच गिऱ्हाईक साडीला फॉल लावण्याचे पैसे मुकाट्याने मोजते.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला ठिपक्याची जागा स्वच्छ होती आणि काम सुरू झाले. काळ्या भागावर आधी रंग काढणारे मिश्रण. हे ब्लीच नव्हे. ते केसाचे स्वतःचे मेलॅनिन सोडून देते आणि आत जोडले गेलेले रंगाचे मोठे कण पुन्हा बारीक करते. खोलीत सडक्या अंड्यांचा वास पसरतो, तो पडद्यावर येत नाही. आमच्या ध्वनिमुद्रकाचा चेहरा दिसतो, त्यावरून अंदाज यावा. वीस मिनिटांनी खरे काम असते ते धुण्याचे. बारीक झालेले कण पाण्याबरोबर बाहेर गेले नाहीत, तर हवेतल्या ऑक्सिजनने ते पुन्हा जुळतात आणि संध्याकाळपर्यंत केस परत काळा होतो. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणाऱ्या नळाच्या पाण्याखाली ताईंनी घड्याळ लावून पंधरा मिनिटे केस धुतले, शाम्पू लावून पुन्हा धुतले.

(पाण्याचा रंग काळपटावरून चहासारखा होतो. येथे फक्त पाण्याचा आवाज असावा.)

पुडीचा काळा उतरला आणि खालून लालसर तपकिरी निघाला. पुडीत थोडी खरी मेहंदीही असणार, आणि लॉसोनवर या मिश्रणाची मात्रा चालत नाही. मुलीला हवा होता सहा क्रमांकाचा रंग. क्रमांक एक म्हणजे काळा, दहा म्हणजे अगदी फिका सोनेरी. टोके चारच्या वर येत नव्हती आणि आणखी ओढली असती तर तुटली असती, म्हणून सगळे डोके चारवर आणायचे ठरले. मुलीने आरशातून ताईंकडे पाहिले आणि मान हलवली.

भिंतीवर टांगलेले हे रंगचक्र शाळेतल्या चित्रकलेच्या तासाचे वाटेल, पण ताई अजूनही दर वेळी त्याकडे पाहूनच मिसळतात. निळा नारिंगीला मारतो, हिरवा लालाला, जांभळा पिवळ्याला. मुळांच्या नारिंगी पट्ट्यासाठी निळ्या झाकेचा तपकिरी, लालसर टोकांसाठी हिरव्या झाकेचा, अशा दोन वाट्या तयार झाल्या. पेरॉक्साइड फक्त ३ टक्क्यांचे, कारण आता काही उतरवायचे नव्हते, भरायचे होते. पिवळ्या डागांवर मात्र यांतले काहीच सरळ लावता येत नाही. ज्या केसातून लाल आणि नारिंगी निघून गेले आहेत, त्यावर थंड तपकिरी दिला तर पावसाळ्यातल्या चिऱ्याच्या भिंतीसारखी शेवाळी छटा उमटते. म्हणून तेवढ्या डागांना आधी तांबूस-सोनेरी रंगाचा हात, तोही बारीक ब्रशने, एकेक बट फॉइलवर ठेवून. आणि मग त्यावर तपकिरी. भोके पडलेला केस रंग अधाशासारखा पितो, म्हणून दर पाच मिनिटांनी ताई एक बट ओल्या टॉवेलने पुसून खिडकीकडे धरतात. आम्ही अशा चौदा वेळा मोजल्या.

या सगळ्या वेळात खिडकी उघडी आहे, पंखा दाराकडे वारा ढकलतो आहे आणि ताईंच्या हातांत मोजे आहेत. ब्लीच पावडरमधील परसल्फेट या रसायनाने केशकर्तनकारांना दम्याचा त्रास होऊ शकतो, हे वैद्यकात मान्य झालेले आहे. ताईंनी मोजे काढले तेव्हा दिसणाऱ्या मनगटावरच्या काळपट चट्ट्यांबद्दल त्या बोलल्या नाहीत.

सव्वातीनला केस वाळले. टोकांची सहा बोटे कापावी लागली, मुलीचा आठवड्याचा पगार गेला आणि लग्न ठरल्या दिवशी पार पडले.

(आरशातला चेहरा. निवेदन नको.)

खालचे केस झाडून झाल्यावर ताई कपाटातून लांबट वही काढतात. तिच्यात प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान असते, आणि आज त्या पानावर पुढील ओळी लिहिल्या गेल्या: चारचा, दोन वाट्या, ३ टक्के, पंचवीस मिनिटे, मधल्या डागांना आधी भरणी, सहा आठवडे काही लावू नये, शेवटचे पाणी नळाचे. मुलगी समोरून उलटे वाचण्याचा प्रयत्न करते आहे. वरच्या ओळीत तीन वर्षांचा जुना हिशेब आहे, आणि त्यातला ‘पुडी’ हा शब्द ताईंनी दोनदा अधोरेखित केला आहे.