ब्रंचचं बिल नेमकं कशाचं असतं?

(दृश्य: रेस्टॉरंटचं दार, बाहेर गर्दी)

रविवार, सकाळचे साडेअकरा, म्हणजे ब्रंचची, नाश्ता आणि दुपारचं जेवण एकत्रच उरकायची वेळ. दाराबाहेर माणसं ताटकळत उभी आहेत, कुणाचा नंबर तिसरा, कुणाचा नववा, आणि यादी हातात घेऊन उभी असलेली मुलगी सगळ्यांना एकच सांगतेय की बस पंधरा-वीस मिनिटं. यातल्या बहुतेकांच्या पोटात सकाळपासून कॉफीशिवाय काही गेलेलं नाही. पुढे बिलात जे काही होणार आहे त्याची सुरुवात इथेच होते, कारण इतका वेळ उभं राहून एकदाची खुर्ची मिळाली की मेनूतले आकडे बघून उठून जायची हिंमत फार कमी लोकांत असते. भुकेला माणूस घासाघीस करत नाही, आणि सोबत चार मित्र असतील तर अजिबातच नाही.

मग प्लेट येते. दोन अंडी, ब्रेडचा एक जाड तुकडा, वर पिवळसर सॉस, बाजूला चार पानं, ती पण अशी ठेवलेली की वाऱ्याने उडून आली असावीत. आणि टेबलावरचा कुणीतरी हमखास म्हणतो की एवढ्यात घरी महिनाभराची अंडी आली असती. बरोबर आहे त्याचं. पण अंड्यांचे पैसे घेतले जातायत असं त्याला सांगितलं कुणी?

जरा मागे जाऊया. 1895 साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने ‘हंटर्स वीकली’ नावाच्या साप्ताहिकात ब्रंचची वकिली करणारा लेख लिहिला. त्याचं म्हणणं सरळ होतं, रविवारी लवकर उठून जड जेवायची सक्ती कशाला, दुपारच्या आसपास चहा-कॉफीपासून हळूहळू सुरुवात करा, म्हणजे शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागलेल्यांचं पण भलं होईल. थोडक्यात काय, हे जेवण पहिल्या दिवसापासूनच डोकं जड असलेल्या माणसासाठी आहे. एग्ज बेनेडिक्टचं, म्हणजे मघाच्या त्या सॉस घातलेल्या अंड्यांच्या प्लेटचं पण तेच. ही डिश कुणी काढली यावर न्यूयॉर्कमध्ये जुना वाद आहे, एक दावा डेलमोनिकोज रेस्टॉरंटचा आणि दुसरा लेम्युएल बेनेडिक्ट नावाच्या शेअरबाजारातल्या माणसाचा, जो म्हणे 1894 मध्ये वॉल्डॉर्फ हॉटेलात आदल्या रात्रीची उतरवायला गेला आणि टोस्ट, बेकन, पोच्ड अंडी (कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेली) आणि हॉलंडेज नावाचा तो पिवळसर सॉस असं सगळं एकत्र मागवून बसला. खरं कोणाचं ते सोडा. पण हँगओव्हरवाला माणूस हिशोब करत नाही हे हॉटेलवाल्यांना तेव्हापासून माहीत आहे.

(दृश्य: किचन, पोचिंगचं मोठं पातेलं, वाफ)

आता आत चला, कारण दिसायला सगळ्यात सोपं आणि करायला सगळ्यात कटकटीचं काम इथे चालू आहे.

अंड्याचा पांढरा भाग साधारण 62 अंशांना घट्ट व्हायला लागतो, बलक 65 च्या पुढे दाट होतो आणि 70 च्या आसपास पक्का होतो. म्हणजे बाहेरचं शिजलेलं आणि आतलं वाहतं ठेवायचं तर खेळायला जागा किती, तर जेमतेम काही अंश आणि काही सेकंद. त्यात अंडं जुनं असेल तर पांढरं पाण्यासारखं पातळ होतं आणि पातेल्यात चिंध्या चिंध्या पसरतात. एक अंडं घरी करताना ठीक आहे, इथे रविवारी दीड-दोनशे प्लेट निघतात आणि प्रत्येकीवर दोन. मग किचन काय करतं, तर पहाटेच अंडी अर्धवट पोच करून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकून ठेवतं, ऑर्डर आली की झाऱ्यावर उचलायची, गरम पाण्यात मिनिटभर सोडायची, टिपून घ्यायची आणि प्लेटवर. यात फसवाफसवी काही नाही, याशिवाय एवढी गर्दी निभणारच नाही. पण मेनूवर ‘ताजी पोच केलेली’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यातला ताजेपणा सकाळी साडेसहाचा पण असू शकतो, एवढं मनात असू द्या.

हॉलंडेजचं दुखणं वेगळंच. बलक, लिंबू आणि वितळवलेलं लोणी, बस. बलकातल्या लेसिथिन नावाच्या घटकामुळे लोणी आणि पाणी एकमेकांना धरून राहतात. जास्त तापवलं की बलकाच्या गुठळ्या होतात, गार झालं की लोणी थिजतं, आणि मधल्या कोमट अवस्थेत जास्त वेळ ठेवलं तर जंतूंना आयतं आमंत्रण. म्हणून चांगल्या किचनमध्ये हा सॉस थोडा थोडा आणि पुन्हा पुन्हा करतात, उरलेला टाकून देतात. तो टाकलेला सॉस पण तुमच्याच बिलात असतो बरं का. आणि किचन चांगलं नसेल तर सकाळी एकदाच बादलीभर करून ठेवतात, ते बिलात दिसत नाही, संध्याकाळी पोटात कळतं.

शेफ अँथनी बोर्डेन यांनी 2000 मध्ये आलेल्या ‘किचन कॉन्फिडेन्शियल’ या पुस्तकात ब्रंचची चांगलीच पिसं काढली होती. शुक्रवार-शनिवारच्या रात्री जे उरतं ते खपवायची हक्काची जागा म्हणजे ब्रंचचा मेनू, असा त्यांचा रोख होता. सगळीकडे असंच चालतं असं मी म्हणणार नाही, पण ऑम्लेट, फ्रिटाटा (जाड इटालियन ऑम्लेट), हॅश (बटाटा आणि मांसाचे परतलेले तुकडे) असल्या पदार्थांत काल रात्रीच्या भाज्या आणि मांसाचे तुकडे किती सहज मावतात ते बघा, आणि स्वयंपाकी लोकांना हा शिफ्ट का नको असतो तेही बघा. शनिवारी रात्री एकला किचन धुऊन घरी गेलेला माणूस सकाळी सातला पुन्हा अंडी फोडायला उभा असतो.

(दृश्य: कोरा कागद, 100 चा आकडा, त्याचे भाग पडतात)

बरं, पैशांचं बघू. डिशची किंमत 100 धरा, कुठलंही चलन असो. रेस्टॉरंटच्या धंद्यात कच्च्या मालाचा खर्च साधारण 28 ते 35 च्या दरम्यान बसवायचा असा जुना ठोकताळा आहे. जवळपास तेवढेच पगाराला जातात. मग जागेचं भाडं, गॅस, वीज, लाँड्री, फुटलेले ग्लास, कार्ड मशीनचं कमिशन. सगळं जाऊन नीट चाललेल्या रेस्टॉरंटच्या हातात 3 ते 5 राहिले तरी मालक खूश असतो. म्हणजे मालक तुमच्या अंड्यांवर बंगला बांधतोय असं नाहीये, निदान बहुतेक मालक तरी नाही.

मग महाग का? अंडं, मैदा, ब्रेड, बटाटा हा सगळा स्वस्त माल, रात्रीच्या जेवणातल्या मासे-मांसाच्या तुलनेत तर फारच स्वस्त. हिशोबाने ब्रंच स्वस्त पडायला हवा. पण भाडं आठवड्याचे सातही दिवस चालू असतं आणि ब्रंचची खरी गर्दी असते शनिवार-रविवारचे चार-चार तास. त्या चार तासांत एक टेबल किती वेळा भरून रिकामं होतं यावर सगळा खेळ. रात्री त्याच खुर्चीवर बसलेला माणूस स्टार्टर, मेन, डेझर्ट, वाइन असं घेतो, सकाळी तोच माणूस एक टोस्ट आणि एक कॉफी घेऊन दोन तास गप्पा मारतो. तर तुम्ही पैसे भरताय ते रविवारी साडेअकराच्या खुर्चीचे, टोस्ट ही त्या खुर्चीची पावती समजा. माझा राग असलाच तर किमतीवर नाही, मेनू असा लिहिलेला असतो की जणू सगळी जादू टोस्टमध्येच आहे, त्यावर आहे.

आणि टोस्टचं म्हणाल तर अ‍ॅव्होकाडो टोस्टचा विषय टाळून कसं चालेल. मेनूवर तो आणणाऱ्यांत बिल ग्रेंजर यांचं नाव सगळ्यात आधी घेतात, 1993, सिडनीतलं त्यांचं छोटं कॅफे. 2017 मध्ये टिम गर्नर या ऑस्ट्रेलियन बिल्डरने टीव्हीवर सांगितलं की मी पहिलं घर घेत होतो तेव्हा महागड्या अ‍ॅव्होकाडो टोस्टवर पैसे उडवत नव्हतो, आणि जगभरच्या तरुणांनी त्याला असा धुतला की विचारू नका. घराच्या किमती कुठे आणि टोस्ट कुठे, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण किचनच्या बाजूने बघितलं तर हे फळ खरंच डोकेदुखी आहे. झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकतं, आणि नीट पिकलेलं असण्याची वेळ एक-दोन दिवसांची. काल दगड, उद्या काळं. कापलं की हवेने तपकिरी पडतं, म्हणून वर लिंबू पिळतात, ते चवीसाठी कमी आणि रंग टिकावा म्हणून जास्त. फेकलेली फळं कुणाच्या खात्यात लागतात हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

(दृश्य: मेनू कार्ड, जवळून)

आता हा मेनू नीट बघा. किमतीपुढे चलनाचं चिन्ह नाही, नुसता आकडा, तोही बारीक, डिशच्या वर्णनाच्या शेवटी चिकटून. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये हे एका चालू रेस्टॉरंटमध्ये करून बघितलं. काही लोकांना डॉलरचं चिन्ह असलेला मेनू, काहींना शब्दांत किंमत लिहिलेला, काहींना नुसत्या आकड्याचा. नुसता आकडा बघणाऱ्यांनी बाकीच्यांपेक्षा जास्त खर्च केला. वरती कुठेतरी एखादी अचाट महाग डिश पण असते, स्टेक आणि अंडी किंवा लॉबस्टर घातलेलं काहीतरी, ती फारशी खपली नाही तरी चालते कारण ती बघितल्यावर खालचं बाकी सगळं आवाक्यातलं वाटायला लागतं. मग ‘अंडं वाढवा’, ‘बेकन वाढवा’, ‘ग्लूटेन नसलेला ब्रेड’ या बारीक अक्षरातल्या ओळी. खरा घाव इथे बसतो आणि इथे मात्र मला बनवाबनवी दिसते, कारण पंचवीस टक्के किंमत वाढवून मिळतं काय तर एक अंडं.

तरी खाताना मजा येतेच, आणि ती खोटी नसते. 2008 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, लोकांना एकच वाइन दोनदा पाजली, एकदा 10 डॉलरची म्हणून आणि एकदा 90 ची म्हणून. 90 वाली जास्त आवडली हे लोकांनी सांगितलंच, पण मेंदूच्या स्कॅनमध्ये सुद्धा आनंदाशी संबंधित भाग जास्त चाळवलेला दिसला. म्हणजे ‘महाग आहे म्हणून भारी लागतंय’ असं मित्राला चिडवू नका, त्याला खरंच भारी लागत असतं.

गाणी ऐकू येतायत? त्याचाही हिशोब असतो. 1986 मधला एक अभ्यास आहे, संथ संगीत लावलं तर लोक साधारण 56 मिनिटं बसले आणि दारूवर जास्त खर्च केला, जलद लावलं तर 45 मिनिटांत उठले, जेवणाचं बिल मात्र जवळपास तेवढंच. बाहेर रांग असेल तेव्हा ठेका का वाढतो, याचं उत्तर घ्या. प्लेट उचलायला वेटर तिसऱ्यांदा का येतो, तेही यातच आलं. ‘हवा तेवढा मिमोसा’ या ऑफरला दीड-दोन तासांची मर्यादा असते ती पण त्याच कारणाने, शिवाय ग्लासात संत्र्याचा रस किती आणि वाइन किती हे ठरवणारा हात तुमचा नसतो.

(दृश्य: टेबल, रिकामे ग्लास, बिलाचं फोल्डर)

आणि शेवटी ते फोल्डर येतं. सहा जणं बसलेत. एकाने फक्त टोस्ट खाल्लाय, दोघांनी पॅनकेक, आणि कोपऱ्यातल्याने सामन मासा घातलेलं बेनेडिक्ट वर तीन मिमोसा. इस्राएलमध्ये यावर प्रयोग झालाय, 2004 मध्ये छापून आला. बिल समान वाटायचं असं आधीच सांगितलं की लोक जास्त आणि महाग मागवतात, ज्याचं त्याने भरायचं म्हटलं की हात आखडता घेतात. गंमत म्हणजे विचारल्यावर बहुतेकांना आपापलं भरणंच पसंत होतं. पण टेबलावर तसं बोलणार कोण? टोस्टवाला मोबाईल काढून मनातल्या मनात भागाकार करतो, कोपऱ्यातला आळस देत म्हणतो, “सहा भाग करून टाका ना, कशाला उगाच डोकं लावायचं”, आणि कार्ड घेऊन वेटर सुद्धा त्याच्याच बाजूला उभा असतो कारण बाहेर नववा नंबर अजून ताटकळतोय.