खेचरांची वाट आणि आपली नदी

मंडळी, कालव्याकाठनं सायकल चालवली एवढंच सांगायचं असतं, तर चार फोटो दाखवून मोकळा झालो असतो. पण त्या पाच दिवसांत मला सारखी आपली कोल्हापूरची पंचगंगा आठवत होती. ती का, ते सांगायला उभा आहे.

लेकीकडे अमेरिकेत गेलो होतो. तिथं पोटोमॅक नदीच्या काठानं चेसापीक अँड ओहायो नावाचा जुना कालवा आहे. कंबरलँडपासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनपर्यंत १८४.५ मैल, म्हणजे जवळजवळ २९७ किलोमीटर. हा कालवा शेतीसाठी नव्हता, कोळशाच्या बोटींसाठी होता. बोटी ओढायची खेचरं. ती काठावरून चालायची आणि लांब दोरानं मागची बोट यायची. आता सायकल चालते ती त्याच वाटेवर. आपल्याकडं मोटेच्या विहिरीवर बैलांची धाव असायची, वयानं मोठ्या असलेल्यांनी ती पाहिली असेल. तशीच ही धाव, फक्त तीनशे किलोमीटर लांब.

या वाटेला चढ असा लागतच नाही. कालव्यातलं पाणी सपाट राहायला हवं, म्हणून काठही सपाट. पण जमीन तर ६०५ फूट उतरते! मग मध्ये मध्ये लॉक बांधलेत, पाण्याच्या पायऱ्याच म्हणा. एकूण ७४. दगडी हौदासारखी जागा, दोन्ही टोकांना लाकडी दारं. बोट आत आली की मागचं दार लावायचं, झडपा उघडून पाणी खाली सोडायचं, बोट आठेक फूट उतरली की पुढचं दार उघडायचं. एका लॉकपाशी मी सायकल लावून दगडावर हात फिरवला. दोर घासून घासून पडलेल्या खाचा, माझ्या हाताचं बोट आत बसेल एवढ्या खोल. आमच्या जुन्या घरातल्या आडाच्या काठावर पोहऱ्याच्या दोरानं अशाच खाचा पडल्या होत्या. तिथं मी बराच वेळ बसलो.

पॉ पॉ नावाचा बोगदा लागतो, ३,११८ फुटांचा. आत मिट्ट काळोख, वाट जेमतेम एका माणसाची. उतरून, बॅटरी लावून सायकल हातानं न्यावी लागते. एका अंगाला विटांची ओली भिंत, दुसऱ्या अंगाला कठडा आणि खाली काळं पाणी. या एका बोगद्याचं काम १८३६ ते १८५० चाललं. तोवर, कालव्याच्या कामाचा मुहूर्त झाला त्याच दिवशी, म्हणजे ४ जुलै १८२८ ला, ज्या रेल्वेचाही मुहूर्त झाला होता, ती १८४२ लाच कंबरलँडला पोचली होती. पुढं १९२४ च्या पुरानंतर बोटी कायमच्या थांबल्या.

मग तिथं मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी रस्त्याची बाजू घेणाऱ्या संपादकांना सांगितलं, आधी माझ्याबरोबर चालून बघा. संपादक चालले, आणि त्यांचं मत बदललं. १९७१ ला हा कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला.

आता आपलं बघा. राधानगरी धरणाचं पाणी नदीतूनच खाली येतं, बंधाऱ्यांना अडतं आणि मोटरीनं उसाला उचललं जातं. आपला कालवा म्हणजे नदीच! राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ, ही पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांची नावं आपण पावसाळ्यात रोज ऐकतो. राजारामला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे पोरंसुद्धा सांगतात. आणि पाऊस सरला की तिकडं कोण फिरकतं? ज्या बंधाऱ्याच्या धाटणीला देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा’ म्हणतात, तो आपण कधी थांबून बघितलाय का?

जानेवारीत, बरगे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या घातलेल्या असताना, सकाळी कसबा बावड्यातून सायकलनं राजाराम बंधाऱ्यावर जा. मध्यावर उतरा. वरच्या अंगाला पाणी काठोकाठ, आरशासारखं. खालच्या अंगाला ते बरेच फूट खाली, आणि बरग्यांच्या फटींतून बारीक धारा सुटलेल्या. खांबांतल्या खाचाही बघा, दरसाल तिथंच बरगे बसतात आणि पावसाच्या आधी निघतात. तिथनं पुढं वडणग्याच्या बाजूला उतरून पाणंदीनं जमेल तेवढं नदीकाठानं जायचं, असा माझा बेत आहे. ऊसतोड चालू असते, ट्रॅक्टरला वाट द्यायची. येत्या रविवारी सहाला निघतोय. ज्यांना यायचंय त्यांनी जादा ट्यूब आणि पंप घ्या, बाकी चहा वाटेत मिळेल.