पारावरचं राजकारण आणि रिकामी सतरंजी

श्रोतेहो, नमस्कार.

सकाळी सातच्या सुमाराला आमच्या गावातल्या चहाच्या टपरीवर या. डेअरीला दूध घालून आलेली माणसं रिकामे कॅन पायाशी ठेवून बसलेली असतात. पेपरची पानं वाटून घेतलेली असतात. कालच्या मॅचमध्ये शेवटची ओव्हर कुणाला द्यायला हवी होती, इथून विषय निघतो आणि मंत्रिमंडळात कुणाचा पत्ता कट होणार, इथपर्यंत पोचतो. मला हे बोलणं ऐकायला मनापासून आवडतं. दिल्लीतल्या आघाड्यांची बेरीज-वजाबाकी ज्याला तोंडपाठ आहे, त्याला राजकारण कळत नाही असं कोण म्हणेल? म्हणूनच जीव तुटतो, कारण हीच माणसं ग्रामसभेला येत नाहीत.

गेल्या पंधरा ऑगस्टचं सांगते. झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटला आणि शाळेचं पटांगण बघता बघता रिकामं झालं. अकरा वाजता मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात ग्रामसभा होती. दवंडी दिली होती, फलकावर नोटीस होती, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही निरोप आला होता आणि त्याखाली बरेच अंगठे उमटले होते. मी गेले तेव्हा सतरंजीवर अठरा माणसं होती. आमच्या गावात मतदार दोन हजारांच्या वर. अर्धा तास वाट पाहिली आणि गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली.

इथली खोच आपण नीट समजून घेतली पाहिजे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी, तेवढी माणसं सभेला लागतात. पण एकदा सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मग दहा-बारा जणांनीही ठराव केला तर तो अख्ख्या गावाचा ठराव होतो. वित्त आयोगाच्या पैशातून कुठली कामं घ्यायची, घरकुलाच्या यादीत कोण बसतं, असे विषय तिथं येतात. आमच्या आळीचं गटार त्या वर्षीच्या आराखड्यात आलंच नाही. आमच्यातलं कुणी मागायलाच नव्हतं.

आणखी एक गोष्ट जिवाला लागलेली आहे. कधीकधी सभा होऊन गेल्यावर हजेरीची वही घरोघरी फिरते. मागे एकदा ती आमच्याकडे आली तेव्हा सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. पिठाचा हात पदराला पुसून त्यांनी सही केली. कशावर सही घेतोय, हे आणणाऱ्यानं सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. त्या पानावर पिठाचं बोट उमटलेलं मला अजून दिसतं.

माणसं का येत नाहीत, याची कारणं खरी आहेत. मजुरीला जाणाऱ्याचा रोज बुडतो. सरपंच भावकीतलाच असतो, त्याला चारचौघांत हिशेब कसा मागायचा? बायकांची अडचण तर याहून मोठी. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी अशी तरतूदही आहे. तरी कितीतरी गावांत खुर्ची बाईची आणि उत्तरं नवऱ्याची. बाई बोलायला उठली की मागून कुणीतरी 'बसा हो वहिनी' म्हणतो, आणि ती बसते. मीही एकदा अशी बसले आहे.

आपल्या पारावर दिल्लीबद्दल आपण जे बोलतो, त्याची नोंद कुठेच होत नाही. ग्रामसभेत बोललेलं मात्र वहीत लिहून घ्यायला लावता येतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा लेखा या छोट्या गोंड गावानं हे पुरतं ओळखलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही तिथली घोषणा. ते बहुमतावर विसंबत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत पुन्हा पुन्हा बसतात. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर अख्ख्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. एका रात्रीत काही झालं नाही, वर्षानुवर्षं बसून कायदे वाचले त्यांनी.

आमचं गाव काही मेंढा लेखा नाही. पण यंदाच्या सव्वीस जानेवारीला आमच्या आळीतल्या चौदा बायका मिळून सभेला गेलो. जाण्याआधी ओट्यावर बसून ठरवलं, विषय एकच काढायचा. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली? मागच्या पावसाळ्यात घराघरात पोरांना जुलाब झाले होते, म्हणून. आमच्यातल्या एका काकू उभ्या राहिल्या. आवाज कापत होता. 'बसा' असं मागून आलंच, पण आम्ही सगळ्याच उभ्या राहिलो. ग्रामसेवकांनी रजिस्टर उलटंपालटं केलं, तारीख सापडली नाही. मग टाकी दर महिन्याला धुवायची आणि तारीख खांबावर रंगानं लिहायची, असा ठराव झाला. तो वहीत उतरेपर्यंत आम्ही हललो नाही. काकूंनी तो मोठ्यानं वाचून घेतला आणि मगच सही केली.

आता पाणी भरायला येणारी शाळकरी पोरंही खांबाकडे बघून तारीख वाचतात. मार्चची तारीख आठ दिवस उशिरा पडली, तेव्हा विचारायला काकू एकट्याच पंचायतीत गेल्या होत्या.

एक मेला पुन्हा सभा आहे. या खेपेला गटाराचं काढायचंय. टपरीवरच्या मंडळींनाही मी सांगून आलेय, त्यातल्या तिघांनी येतो म्हटलंय.

नमस्कार.