मळखाऊ सूट
(सिडनीतील मराठी मंडळाच्या रविवारच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संपादित करून)

मंडळी, नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? जे अजून पोहे खातायत त्यांनी नुसता हात वर केला तरी चालेल. तोंड रिकामं करायची घाई नाही.

हॉल आपल्याला साडेबारापर्यंतच मिळालाय, त्यानंतर इथे झुंबाचा वर्ग भरतो. त्यामुळे चिटणीसांनी मला बजावलंय की विषय सोडून बोलायचं नाही. विषय पत्रिकेत छापलाय तो असा: 'ऑस्ट्रेलियातल्या सकाळच्या टीव्हीचा चेहरा: कार्ल स्टेफानोविच यांची कारकीर्द'. गावोगावच्या बातम्या देणारा पोरगा देशाच्या न्याहारीच्या टेबलावर कसा जाऊन बसतो, ते मी सांगणार आहे. सांगतोच. पण आधी सुटाचं.

इथे दहा-बारा वर्षं काढलेल्यांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१४. चॅनल नाइनच्या 'टुडे'वर बसणाऱ्या या कार्लनं जाहीर केलं की गेलं वर्षभर, एखाददुसरा दिवस वगळता, मी रोज एकच सूट घालून कॅमेऱ्यासमोर आलोय. निळा. तोही एका महागड्या ब्रँडची स्वस्तातली नक्कल. सोमवार ते शुक्रवार, पहाटे साडेपाचपासून नऊपर्यंत, अख्खा देश टोस्टला लोणी लावत त्याच्याकडे बघतोय आणि एका माणसाच्या लक्षात येत नाही! त्याचं म्हणणं सरळ होतं. माझं माप मुलाखतींवरून आणि माझ्या भिकार विनोदांवरून काढतात, म्हणजे कामावरून. शेजारी बसलेल्या बायकांचं माप मात्र कपड्यांवरून आणि केसांवरून.

आता कबुली. ज्यांच्या लक्षात आलं नाही, त्यांत मी पहिला. त्या काळात मी पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करायचो. पहाटे घरी यायचं, चहात खारी बुडवायची आणि टुडे लावायचं. म्हणजे वर्षभर तो सूट मी अगदी जवळून पाहिला. काही कळलं नाही. पण टुडेवर त्याच्या शेजारी बसणाऱ्या सहनिवेदिका लिसा विल्किन्सनबाईंच्या कपड्यांवर माझा शेरा रोज ठरलेला. "आज हा काय रंग घातलाय?" हिनं एकदा ओट्यापाशी उभी राहूनच विचारलं, "तुम्ही कोण, त्यांचे इस्त्रीवाले?"

आता तुमच्यापैकी काहींना हे टोचेल, पण सांगतोच. मोतिया रंगाचा रेशमी कुर्ता मी २००६ साली पुण्यात लक्ष्मी रोडला घेतला. त्यानंतर आपल्या मंडळाचे सगळे गणपती मी त्याच कुर्त्यात केलेत. आरतीला तोच, भोजनाला तोच, विसर्जनाला बाह्या दुमडून तोच. फोटोंचे अल्बम काढून बघा. मी दर वर्षी थोडा थोडा रुंद होतो, कुर्ता तोच. एक माणूस बोलला नाही. आणि आमच्या हिनं जांभळी नारायणपेठ दिवाळीच्या कार्यक्रमाला नेसली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुन्हा काढली. वाण घेता घेता एक बाई म्हणाल्या, "अगं, ही दिवाळीचीच ना? छान टिकलीय हो!"

त्या 'टिकलीय हो'मधला 'हो' मी अजून विसरलो नाही. (हशा) हसू नका. ती साडी पुन्हा नेसली गेली नाही. आज आमच्या बाहेरच्या खोलीतल्या उशांना जांभळे अभ्रे आहेत, काठासकट. पाहुणे येतात आणि म्हणतात, किती सुंदर उशा!

माझी आई शाळेच्या कपड्यांची खरेदी करताना दुकानदाराला एकच सांगायची, "मळखाऊ रंग दाखवा." मळ पोटात घेतो, वर दिसू देत नाही. माझा सिद्धांत एवढाच आहे की कार्लचा तो निळा सूट मळखाऊ होताच, पण त्याची सगळी कारकीर्दच मळखाऊ आहे. पुरुष म्हणून ती त्याला तशीच शिवून मिळाली.

डाग मोजा. २००९. लोगी म्हणजे इथल्या टीव्हीचे मोठे पुरस्कार. रात्रभर त्या सोहळ्याची पार्टी करून गडी सकाळी जसाच्या तसा कार्यक्रमात येऊन बसला. जीभ जड, हसू आवरत नाही. ती चित्रफीत जगभर फिरली. आपल्याकडे दूरदर्शनवर सातच्या बातम्यांना कोणी असं बसलं असतं, तर आठच्या बातमीत त्याचीच बातमी असती. इथे लोकांनी कौतुकानं मान हलवली. दोन वर्षांनी, २०११ साली, त्याला गोल्ड लोगी मिळालं, म्हणजे सगळ्यांत लाडका चेहरा.

आणि त्याच वर्षी दलाई लामा. हे मला सांगू द्या, चिटणीस, दोनच मिनिटं. दलाई लामा समोर बसलेत, आणि हा त्यांना त्यांच्यावरचाच विनोद सांगतो. दलाई लामा पिझ्झाच्या दुकानात जातात आणि म्हणतात, 'मेक मी वन विथ एव्हरीथिंग'. म्हणजे एकीकडे, सगळं घालून एक पिझ्झा द्या. दुसरीकडे, मला चराचराशी एकरूप करा. आता हा विनोद इंग्रजीतल्या एका 'वन'वर उभा आहे. समोरच्या माणसाची भाषा तिबेटी, शेजारी दुभाषी बसलेला. दलाई लामा शांतपणे बघत राहिले. कार्लनं हातवारे करून पुन्हा समजवायला घेतलं. विनोद समजवायला घेतला की तो गेलाच, हे आपल्याला पुलंनी वेगळं शिकवायला नको. शेवटी त्यानं डोकं हातात धरलं, आणि दलाई लामा त्याच्याकडे बघून हसले. विनोदाला नव्हे, त्याच्या फजितीला. आपल्या एखाद्या वारकरीबुवांना सांगितला असता तर पंचाईत उलटी झाली असती. त्यांना एकरूप होणं लगेच कळलं असतं, पिझ्झा समजावून सांगावा लागला असता.

२०१८. भाऊ पीटरशी उबरमध्ये बसून स्पीकर फोनवर लांबलचक बोलणं, त्यात सहकाऱ्यांबद्दल तक्रारी. चालक ऐकतोय, आणि पुढे ते सगळं एका मासिकात. डिसेंबरमध्ये टुडेवरून गच्छंती झाली. झालं, संपलं असं वाटलं. २०१९ला जॉर्जी गार्डनर आणि डेबोरा नाइट या दोघींनी कार्यक्रम चालवला. प्रेक्षक घटले, वर्षभरात दोघींनाही बाजूला केलं. आणि जानेवारी २०२०मध्ये, वणवे पेटलेले असताना, परत कोण? धुऊन, इस्त्री करून, तोच.

किती वाजले? बारा वीस. अरे बाप रे.

बरं, मग लिसाबाईंचं भरभर सांगतो, जे खरं तर निवांत सांगायला हवं होतं. सिडनीच्या पश्चिमेच्या कॅम्पबेलटाउनमध्ये वाढलेली मुलगी. एकविसाव्या वर्षी 'डॉली' मासिकाची संपादक, पुढे दहा वर्षं 'क्लिओ'ची. २००७ला टुडेवर. २०१३ साली मानाच्या अँड्र्यू ऑली व्याख्यानात त्यांनी एका प्रेक्षकाचं पत्र वाचून दाखवलं होतं. तुमचे कपडे भयंकर आहेत, जरा नीट दिसायला शिका, अशा अर्थाचं. कार्लचा सूट उघड झाला तो पुढच्या वर्षी. २०१६ला त्यांनी एकच ब्लाउज चार महिन्यांच्या अंतरानं दुसऱ्यांदा घातला, तर त्याचीही बातमी झाली. मग त्यांच्याबरोबरच्या बायकाही तोच ब्लाउज घालून पडद्यावर आल्या. म्हणजे नारायणपेठच. २०१७ला पगाराच्या बोलण्यावरून बिनसलं. कार्लच्या आणि त्यांच्या पगारात मोठी तफावत असल्याचं वर्तमानपत्रांत आलं आणि त्या चॅनल टेनवर गेल्या. त्यांचे यजमान पीटर फिट्झसायमन्स, माजी रग्बीपटू. ते कित्येक वर्षं डोक्याला लाल रुमाल बांधून हिंडत. लोक हसले, पण त्यांचं काम काही त्या रुमालावर मोजलं गेलं नाही.

आता पत्रिकेतला विषय, म्हणजे कार्लची कारकीर्द. ब्रिस्बेनला पत्रकारितेचं शिक्षण, रॉकहॅम्प्टनला उमेदवारी, मग न्यूझीलंड, मग पुन्हा ब्रिस्बेन. २००० साली चिल्डर्स गावात बॅकपॅकर्सचं वसतिगृह जळून पंधरा जण गेले, ती बातमी त्यानं दिली. २००५ला स्टीव्ह लीबमन यांच्या जागी टुडेवर, तेव्हा वय तीस. सांगायचं होतं ते हे की आगीच्या, वणव्याच्या ठिकाणी उभं राहायचं शिकलेला माणूस तो आहे, नुसता हसरा चेहरा नाही. त्यावर माझ्याकडे चार पानं आहेत, ती चिटणीसांकडे देतो. झुंबाच्या बाई दारात आल्यात, त्यांच्या हातात स्पीकरही आहे.

एकच प्रश्न घेऊ. हं, वहिनी, विचारा.

हो. तोच कुर्ता आहे.