पेशीतले हमाल

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

तळपायातील स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशीचे मुख्य शरीर पाठीच्या कण्यात असते आणि तिचा तंतू प्रौढ माणसात जवळजवळ एक मीटर लांब असतो. त्याच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने कण्यातच तयार होतात; ती नुसती पसरत पायापर्यंत जायची म्हटली, तर माणसाचे आयुष्य पुरणार नाही. म्हणून ती वाहून नेली जातात, आणि हे ओझे उचलणारे हमाल म्हणजे मोटर प्रथिने.

१९८५ मध्ये अमेरिकेतील वुड्स होल येथे रोनाल्ड वेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांनी माकूळ या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूंचा अभ्यास करताना ‘कायनेसिन’ वेगळे केले. या रेणूला जणू दोन पावले असतात. सूक्ष्मनलिका नावाच्या रुळांवर ती आळीपाळीने टाकत तो टोकाकडे चालतो. प्रत्येक पाऊल ८ नॅनोमीटरचे आणि प्रत्येक पावलाला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू खर्च. या हिशेबाने एका मीटरला साडेबारा कोटी पावले होतात. मला अधिक थक्क करते ते पुढचे: एकटा कायनेसिन साधारण शंभर पावलांतच रुळावरून सुटतो, म्हणजे लांबचा प्रवास अनेकांनी मिळून, एकाने सोडले की दुसऱ्याने धरून, पुरा करायचा असतो.

परतीची वाहतूक ‘डायनिन’कडे असते. एकटा डायनिन दुबळा असतो, पण त्यांचा गट एकजुटीने मोठा जोर लावतो, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटाने बारकाईने मोजून दाखवले आहे. दुर्दैवाने याच परतीच्या वाटेने रेबीजचा विषाणूही चाव्याच्या जागेपासून मेंदूकडे सरकतो. तो पोहोचण्याआधी लस टोचून घेणे म्हणूनच इतके निकडीचे असते.

मायोसिन हे आणखी एक मोटर प्रथिन स्नायू आकुंचित करते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. पेशी विभागताना गुणसूत्रांची नीट वाटणी होते, तीही मोटर प्रथिनांच्या आणि सूक्ष्मनलिकांच्या आधाराने. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध या नलिका जुळूच देत नाही, त्यामुळे कर्करोगाच्या पेशींचे विभाजन थांबते. पण चेतातंतूंमधले रूळही त्याच नलिकांचे असल्याने तिथली वाहतूक अडखळते, आणि हे औषध घेणाऱ्या रुग्णांना मुंग्या व बधिरपणा बहुधा आधी हातापायांच्या बोटांत जाणवतो.